सेनीने ओढ्यावर सांगितलेलं

१९ जानेवारी, रविवार

आदरणीय आयलीबाई,

नमस्कार. या थंडीत गुडघे फार त्रास देत नाहीत ना? इकडे सगळं ठीक. डेल पहाटेच रस्त्यांवरचा बर्फ काढायला गेलाय. ओटोचा पुढचा दात पडला. दिवसभर जिभेने फट चाचपत असतो. तुम्ही पाठवलेले लोकरी मोजे सेनी आणि ओटो दोघांनाही नीट बसले.

काल मुलांना घेऊन मागच्या गोठलेल्या ओढ्यावर गेले होते. घराजवळचा पट्टा डेलने आदल्या दिवशी पहारीने भोकं पाडून तपासला होता. वाऱ्याने वरचा भुसभुशीत बर्फ उडून गेलेला, त्यामुळे खालचा घट्ट बर्फ काचेसारखा दिसत होता. ओटो पालथा पडून नाक टेकवून बघत राहिला. आत अडकलेले चपटे पांढरे बुडबुडे पाहून म्हणतो, "खाली कुणीतरी पॅनकेक रचून ठेवलेत." मग अर्थातच त्याला भूक लागली. तिथेच बसून पाव-चीज खाल्लं.

परतायचं सोडून मी बीव्हर प्राण्यांनी फांद्या रचून ओढ्यात घातलेल्या बांधाकडे वळले. मुलं मागे होती.

"रूथ, थांब," सेनी म्हणाली. "तिथे बीव्हर खालून ये-जा करतात. बर्फ पातळ असतो."

"कुणी सांगितलं तुला?"

"आईने. तिला आजीने."

तोवर माझं पाऊल पडलं होतं. एक पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात. ओढा तिथे उथळ आहे, पण मी धडपडत उभी राहायला गेले. सेनीने ओटोला जागीच बसवलं. "उभी राहू नकोस. आडवी हो आणि आलीस त्याच वाटेने सरपटत मागे ये." मी तसंच केलं. घरी आल्यावर सौनाची खोली तापवून तिघांनी आत वाफेत अंग शेकलं. रूथ सीलसारखी सरपटली, हे ओटो आता येईल त्याला करून दाखवतो. मीही हसते. खरंच, फार चांगला दिवस गेला.

पण तेवढंच सांगायला हे पत्र लिहीत नाहीये. मी या घरात आल्यापासून सेनीने माझ्यासमोर 'आई' हा शब्द कधी काढला नव्हता. काल काढला, आणि मग थांबलीच नाही. सौनात माझ्या बाजूला बसून तिने विचारलं, "आई ओढ्यावर गाणी म्हणायची का गं? ओटोला काहीच आठवत नाही. मलाही थोडंच आठवतं."

मी काय सांगणार? ती गेल्यावर मी या घरात आले, तुमच्या कायसाला मी पाहिलंही नाही. डेलला विचारलं तर तो उठून लाकडं फोडायला जातो.

माझ्या आणि डेलच्या लग्नानंतर तुम्ही इकडे आला नाहीत. मी कधी विचारलं नाही, कारण उत्तर ठाऊक आहे असं वाटायचं. तुमच्या लेकीच्या स्वयंपाकघरात मला वावरताना बघणं सोपं नसणार. ते सोपं होईल असंही मी म्हणत नाही. पण मुलांना मी जेवण देऊ शकते, ऊब देऊ शकते, रात्री जवळ घेऊ शकते. त्यांची आई मात्र मला त्यांना देता येत नाही. ती तुमच्याकडे आहे.

फेब्रुवारीभर ओढा पक्का गोठलेला असतो. डेल तुम्हाला घ्यायला डुलूथला येईल. मुलांना घेऊन तुम्ही ओढ्यावर जा. मी घरी सूप करून ठेवीन. माझ्यासमोर बोलणं जड गेलं तर बोलू नका. त्यांच्याशी बोला.

तुमची कोण, ते तुम्ही आल्यावर ठरवा. तोवर नुसतीच,
रूथ