हबसाणचे तेल आणि ट्रंकेची किल्ली

सोलापूर,
ता. १३ जानेवारी १९३६

ती. रा. दाजी यांच्या सेवेशी,
ज्ञानबाचा शि. सा. न. वि. वि. येथील सर्व क्षेम. आपले व आक्काचे कळवावे. आपल्या चि. वच्छलेचा खोकला गेला. बीजगणित अजून गेले नाही.

आज सिद्धेश्वराचे यण्णीमज्जन. मानाच्या काठ्या निघाल्या आहेत आणि सारे सोलापूर देवाला तेल घालायला रस्त्यावर आले आहे. मी मात्र तेलापायीच तोंड लपवून घरात बसलो आहे. इतरांकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका.

सन तीसच्या मार्शल लॉपासून आमच्या वाचनालयाचा नियम आहे, की सभेत घरच्या राजकारणावर बोलायचे नाही. तेव्हापासून आमचे सभासद परदेशच्या राजकारणात फार पारंगत झाले आहेत. इटलीने आफ्रिकेतल्या हबसाणावर, म्हणजे ॲबिसिनियावर, स्वारी केली हे आपण वाचलेच असेल. जिनिव्हाच्या राष्ट्रसंघाने शिक्षा म्हणून इटलीला कित्येक जिन्नस विकायचे बंद केले. बंदुका बंद, रबर बंद, कथील बंद, इतकेच काय गाढवे आणि खेचरेसुद्धा बंद. तेल तेवढे चालू. इटलीची विमाने गाढवे ओढतात अशी जिनिव्हाची समजूत दिसते. तेव्हा काल रविवारी वादसभेपुढे ठराव होता, की इटलीचे तेलही थांबवावे. आणि तो मांडायला उभा होता आपला मेव्हणा.

आपणांस ठाऊक आहे, आमच्या घराण्यात नांगर सोडून व्याकरण धरणारा मी पहिलाच. त्यामुळे पाठशाळेची शिस्त जरा जास्तच पाळतो. ती शिस्त अशी, की आधी समोरच्याचे म्हणणे, म्हणजे पूर्वपक्ष, असे मांडायचे की त्याने स्वतःच म्हणावे, होय, हेच माझे म्हणणे. त्याने तसे म्हटल्यावरच आपले उत्तर, म्हणजे सिद्धान्त, उच्चारायचा. मी चाळीस मिनिटे पूर्वपक्ष मांडला. आपण नाही विकले तर अमेरिका विकेल. तेल थांबवले तर लढाई युरोपभर पेटेल. व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाची कुंडली पाहू नये. लोक माना डोलावीत होते. आता सिद्धान्ताला हात घालणार, तोच पाच वाजले. अध्यक्ष ईश्वरप्पांना काठीच्या पूजेला घरी पोचायचे होते. त्यांनी घंटा वाजवली, मास्तर फार छान बोलले म्हणाले आणि मते घेतली. ठरावाला नऊ, विरुद्ध एकवीस. माझा ठराव माझ्याच भाषणाने पडला.

आजच्या वर्तमानपत्रात छापून आले आहे, की श्री. ज्ञानबा मास्तर यांनी तेल चालू ठेवण्याची बाजू बिनतोड मांडली. वच्छलेने माझ्या भाषणाची सुरेख अक्षरात नक्कल केली होती. सिद्धान्त तिला तोंडपाठ आहे. ती कालपासून माझ्याशी बोलत नाही. उद्या तिळगूळ देईन, पण गोड बोला असे म्हणणार नाही, हे तिने मामीकरवी कळवले आहे.

आपले हसणे कुर्डुवाडीहून येथवर ऐकू येईलच. तिळगूळ सोबत. लोभ जितका उरला असेल तितका असावा, ही विनंती.
आपला,
ज्ञानबा

*

कुर्डुवाडी,
ता. १८ जानेवारी १९३६

चि. ज्ञानबाराव मास्तर यांस,
हिंदुरावाचा रामराम वि. वि. पत्र पावलं. पेपरबी पावला. तुमचं नाव छापलेलं बघून छाती दोन बोटं फुगली. आमच्या घरात वीस वर्सं तुमी संस्कृत बोलताय, त्यातलं पैल्यांदा काय तरी कळलं.

तुमाला ठावं हायच, ह्या जंक्शनवर रॉकेलची एजन्सी माझी. तुमची बातमी कंपनीच्या मुंबईच्या सायबाला धाडली. सायबाचा उलट कागद आला, की असे ठराव गावोगावचे पायजेत, नकला पाठवा. म्हंजी मेव्हण्यापायी आमचं वजन वाढलं. तुमच्या आक्कानं बातमी कातरून डब्यांच्या थप्पीवर खळीनं चिकटवली. ती म्हणती, ज्ञानबाला असं म्हणायचं नसंल. मी म्हनलं, छापलंय ते म्हणायचंच होतं.

तुमचा तो सिद्धान्त ऱ्हायला म्हणता, तर ऱ्हाऊ द्या की. भाकरी खाऊन झाल्यावर कुनी पीठ दळतं का? पोरगी बोलत न्हाय तर तेबी बरंच हाय, तेवढाच अभ्यास हुईल.

शेंगाची चटणी लावून दिली हाय. लोभ वाढला हाय, तो आता कमी करू नका.
तुमचा,
हिंदुराव

*

सोलापूर,
ता. २७ जानेवारी १९३६

ती. रा. दाजी यांच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि. चटणी पावली. तीन दिवसांत संपली, यावरून आमच्याकडील सर्व क्षेम आहे हे आपण ताडालच.

आता एक मागणे. रागावण्याआधी पत्र पुरते वाचावे. आपण मधेच थांबलात तर आपलीही गत माझ्या श्रोत्यांसारखी होईल.

माझे भाषण अर्धेच झाले ही तक्रार मी ईश्वरप्पांकडे नेली. माणूस न्यायी आहे. म्हणाले, घंटा मीच वाजवली, तेव्हा सभा मीच पुन्हा बोलावतो. बादशहा वारल्याच्या दुखवट्यात दोन रविवार जातात. म्हणून रविवार ९ फेब्रुवारी ठरला आहे. पण घटनेत कलम आहे, की एका ठरावावर एकाच सभासदाने वर्षात दोनदा बोलू नये. कलम मीच घातले होते. आमच्यात एक वकील आहेत, त्यांच्यासाठी.

तेव्हा बोलायला दुसरे कोणी हवे, आणि तो सिद्धान्त जाणणारे सोलापुरात एकच माणूस आहे. ते सतरा वर्षांचे आहे आणि मार्चात मॅट्रिकला बसायचे आहे. आपल्या परवानगीने वच्छलेने बोलावे असे मला वाटते. तिला तर फारच वाटते. ती माझ्याशी पुन्हा बोलू लागली आहे, पण फक्त याच विषयावर.

आपल्या धंद्याला टोचेल हे मी जाणतो. म्हणूनच चोरून न करता विचारतो आहे. उत्तराची वाट पाहतो. चटणीचीही.
आपला,
ज्ञानबा

*

कुर्डुवाडी,
ता. ३१ जानेवारी १९३६

ज्ञानबाराव मास्तर यांस,
रामराम. पत्र पुरतं वाचलं, मग रागावलो.

बापानं तेल विकायचं आन् पोरीनं सभेत उभं ऱ्हाऊन त्येच तेल बंद करा म्हणायचं, ही कुटली रीत? तुमी पुस्तकातली माणसं. तुमाला जिनिव्हा दिसतंय, केमची केराबाई दिसत न्हाय. दर आठवड्याला म्हातारी गाडीनं हितं येती, एक बाटली रॉकेल घिऊन जाती. तिला काय सांगू, जिनिव्हानं मना केलंय? लढाई मी सुरू केली न्हाय. मला कुनी इचारूनबी केली न्हाय. कंपनीचा डबा आला की विकायचा, येवढंच माझ्या हातात. मी दुकानाला फळी लावली तर शेजारचा फळी काढंल. केराबाईच्या चिमणीला इटली कोन ते ठावं न्हाय, अंधार तेवढा ठावं हाय.

चार वर्सं पोरगी तुमच्याकडं ठिवली ती शिकाया, वाद घालाया न्हवं. लई शिकली. आता पुरं. ९ तारखेला मी सकाळच्या गाडीनं येतो. ट्रंक भरून ठिवा. सांजच्या गाडीनं तिला घिऊन जाणार. मॅट्रिक हुईना का न्हाय, वैशाखात उजवून टाकतो.

भाषण करायचंच आसंल तर माझ्यादेखत करू दे. चार वर्सांत काय शिकली ते कळंल. ऐकण्यासारखं नसलं तर सांजची गाडी हाय. ऐकण्यासारखं असलं तरी गाडी तीच हाय.

चटणी या खेपेला न्हाय.
हिंदुराव

*

सोलापूर,
ता. १० फेब्रुवारी १९३६

ती. आक्का,
ज्ञानबाचा शि. सा. नमस्कार. तुझे यजमान घरी येऊन एक अक्षर सांगणार नाहीत, म्हणून हे पत्र. अक्षर मोठे काढले आहे. तुला मी धुळाक्षरे शिकवली ती अशा वेळेसाठीच.

काल सकाळी दाजी आले. चहा घेतला नाही. ट्रंक भरलेली नाही हे पाहून स्वतःच भरायला बसले. मी खोलीबाहेरच होतो. आत काय काय ठेवले ते पाहिले नाही. झाकण बसेना, तेव्हा त्यावर गुडघा दिला, कुलूप लावले आणि किल्ली कोटाच्या खिशात टाकली. वच्छला दारात उभी होती. रडली नाही. तिने एवढेच विचारले, की भूमिती आत गेली का. दाजींनी ऐकले नाहीसे केले.

वाचनालयाच्या दारात त्यांना कळले की मत फक्त सभासदाला देता येते. उभ्या उभ्या सभासद झाले आणि विरुद्ध मत देणारांनी कुठे बसायचे ते विचारले. बसले शेवटच्या बाकावर, दाराजवळ, म्हणजे गाडी गाठायला सोपे.

पोरगी उठली तेव्हा तिने टेबलाची कड घट्ट धरली होती. मला वाटले, माझाच पूर्वपक्ष म्हणून दाखवील. माझ्या भाषणातले एकही वाक्य तिने घेतले नाही. ती केमच्या केराबाईबद्दल बोलली. दाजींचे पत्र मी तिला वाचायला दिले होते, ते खरे; पण ते असे तिच्या तोंडून येईल हे माझ्या ध्यानी आले नव्हते. म्हणाली, की कुर्डुवाडीच्या दुकानदाराने लढाई सुरू केलेली नाही, त्याला कोणी विचारलेलेही नाही. कंपनीचा डबा येतो तो विकणे एवढेच त्याच्या हातात आहे. त्याने फळी लावली तर शेजारचा काढील. लोक आधी हसले, मग पुढे सरकून ऐकू लागले. आक्का, मी हीच बाजू चाळीस मिनिटे मांडली होती; मला त्यात व्यापार दिसला, तिला माणूस दिसला.

मग ती थांबली. म्हणाली, की माझ्या मामांनी मला शिकवले आहे, ज्याचे म्हणणे त्याने हो म्हटल्याशिवाय उत्तर द्यायचे नाही. तेव्हा हे म्हणणे ज्यांचे असेल ते गृहस्थ इथे असले तर त्यांनी सांगावे, मी बरोबर मांडले का. ईश्वरप्पांचा हात घंटेकडे गेला. तेव्हा शेवटच्या बाकावरून दाजी उठले आणि सगळ्या सभेला ऐकू जाईल असे म्हणाले, की व्हय पोरी, हेच. एक अक्षर कमी न्हाय. आणि बसून फेट्याच्या शेमल्याने तोंड पुसू लागले.

सिद्धान्त तिने तीन मिनिटांत संपवला. म्हणाली, की केराबाईची बाटली कोणी थांबवत नाही. पण मी नऊ वर्षांची असताना आमच्या दुकानात एक माणूस तावातावाने आला. भावाच्या कडब्याची गंज पेटवतो, एक डबा द्या, म्हणाला. दुकानदाराने दिला नाही. माणूस म्हणाला, शेजारचा देईल. दुकानदार म्हणाला, देऊ दे. माझ्या हातनं न्हाय. शेजारच्याने दिला की नाही, मला ठाऊक नाही. पण तो दुकानदार जिनिव्हाला शिकलेला नव्हता. एवढे बोलून ती खाली बसली.

मते घेतली. ठरावाला अठरा. विरुद्ध आधी अठरा, आणि मग शेवटच्या बाकावरचा एक हात, इतका सावकाश वर गेलेला की ईश्वरप्पांना पुन्हा मोजावे लागले. एकोणीस. ठराव एका मताने पडला. पोरीला मत नाही, ती अजून अठराची नाही.

दाजींनी घड्याळ पाहिले, गाडी म्हणाले, आणि एकटेच निघून गेले. ट्रंक पडवीत आहे, किल्ली त्यांच्या खिशात आहे. ते पोरगी विसरले की किल्ली विसरले, हे मला न्यायशास्त्र पढूनही उलगडत नाही. मॅट्रिकला महिना राहिला. भूमिती आत कोंडली गेली आहे, म्हणून वच्छला ट्रंकेवर बसून बीजगणित करते. रात्री तिने मामीला विचारले, की कपडे कुणाचे तरी मागून घालू, की जायचेच आहे म्हणून तशीच बसू.

तूच काय ते पाहून कळव. लहान भावाकडे मोठ्या बहिणीने पाहावे तसे पाहावे.
तुझा,
ज्ञानबा

*

कुर्डुवाडी,
ता. १४ फेब्रुवारी १९३६

चि. ज्ञानबाराव यांस,
हिंदुरावाचा रामराम वि. वि. तुमचं आक्काला आलेलं पत्र तिनं मला वाचून दावलं. दोनदा. दुसऱ्या टायमाला मी मागितलं न्हवतं.

कंपनीनं ९ तारखेच्या ठरावाची नक्कल मागितली. मी लिवलं, की ठराव एका मतानं पडला, त्ये मत एजंटाचंच हाय, आसला कागद पाठवण्यासारखा न्हाय. सायब काय समजायचं त्ये समजंल.

तुमी म्हणाल, पोरीचं उत्तर पटलं न्हाय का? कडब्याची गोष्ट खरी हाय. मी इसरलो होतो, तिनं न्हाय. शेजारच्यानं डबा दिला न्हवता, ह्ये तिला सांगा. पण मी उभा ऱ्हाऊन सगळ्या सभेदेखत व्हय म्हणलो होतो. व्हय म्हणून बसलेल्या माणसानं तीन मिनिटांत हात फिरवला तर त्याचा डबा कोन घील? तुमच्या शास्त्रात व्हय म्हणणाऱ्याला पळवाट ठिवलेली न्हाय, ही चूक तुमची. हात वर न्यायला मला लई जड गेलं, तेवढं ईश्वरप्पानं मोजलं न्हाय.

सोलापूरनं मत तरी घेतलं. पेपरात बघतो, जिनिव्हा अजून तज्ज्ञांचीच सभा भरवतंय.

आता ऐका. माझं म्हणणं माझ्यापरीस पोरीनं नीट मांडलं. वीस वर्सं दुकान करतोय, आजवर कुनी मला इचारलं न्हवतं, हिंदुराव, तुजं म्हणणं काय. मी मत दिलं त्ये तिच्याच अर्ध्या भाषणाला दिलं. दुसऱ्या अर्ध्याला अठरा जणांनी दिलं. म्हंजी सगळ्या सभेनं तिलाच मत दिलं. पडला तो तुमचा ठराव. पेपरातली ती बातमी डब्यांवरनं काढली. खळ लई पक्की होती, डब्याचा रंगबी निघाला.

केराबाई काल आली होती. बाटली भरून दिली आन् सांगितलं, की तुजं नाव सोलापूरच्या सभेत गाजलं. तिनं इचारलं, कुनाशी भांडण झालं?

किल्ली फडक्यात गुंडाळून ह्या पत्रासंगट पाठवली हाय. मी इसरलो न्हवतो. गाडीत बसल्यावर खिशात लागत होती. मागं फिरायला लाज वाटली. वैशाखाचं मी कुनाला शब्द दिलेला न्हाय. भूमिती तळाला डाव्या अंगाला हाय, लुगड्यात गुंडाळून ठिवली, कोपरं मुडपू नयेत म्हणून.

चटणी संगट हाय. तुमच्यावर लोभ हाय तो हाय; पोरीवरचा वाढलाय, पण त्ये परीक्षा होईपर्यंत तिला कळू देऊ नका.
तुमचा,
हिंदुराव