थंड भाडं

राजूचे पप्पा,

कर्जतचा एक पोरगा उद्या जर्मनीला निघालाय. त्याच्या बॅगेत राजूसाठी तुमच्या अंगावरची गोधडी द्यायला मी एसटीनं गेलेय. पिठलं झाकलंय, भाकरी टोपल्यात हायेत. शेळीला पाणी दाखवा.

काल राजू फोनवर म्हणाली, "खोली थंड भाड्यानं घेतलीय." तुमी म्हणालात, "थंड खोली! नशीब काढलंस पोरी." मागनं मी तिला इचारलं. थंड भाडं म्हंजी नुसत्या खोलीचं; लाईट, हिटर, समदं वेगळं भरायचं. म्हणून ती हिटर लावतच न्हाई. घरात लोकरीची टोपी घालून बसते, त्या टोपीला तुमी व्हिडिओत बघून फॅशन म्हणलात.

तुमाला बोल लावत न्हाई. भाडंबी थंड-गरम असतंय, हे आपल्याला कुठलं ठाऊक?

पण आज फोन आला, की "हात आखडून ऱ्हा" म्हणू नका. थंडी वाजते का, असंबी नका इचारू, न्हाईच म्हणंल. हिटर लाव, एवढंच सांगा. मी सांगून दमले. तिनं तुमचं ऐकून बंद ठेवलाय, तुमीच सांगितल्याबिगर लावायची न्हाई.

— सत्यशीला