ऐकू न येणारा माइक

सोमवार
आले बाई एकदाची. घर झकास, मला निराळी खोली. काम आजीचं, म्हणजे साहेबांच्या आईचं. अंथरुणाला खिळलीय, बोलणं गेलंय, पण घसा खणखणीत. दुखण्याची गोळी दिली की तेवढी गप्प. साहेब भिंतीपलीकडे बसून माइकात बोलतात, लोक मोबाइलवर ऐकतात. विषय काय, तर आईची सेवा! ऐकून बाया रडतात म्हणे. साहेब मला मावशी म्हणतात. माणूस गोड आहे.

बुधवार
जुना माइक तिखट कानाचा. आजी ओरडली की त्यात येतं. म्हणून साहेबांनी नवे मागवलेत, पारखून घ्यायला. मी दार लावून आजीला ओरडायला लावायचं, साहेब पलीकडे हेडफोन लावून ऐकणार. आज नेमकी म्हातारी गप्प! चिमटा काढा म्हणाले. काढला. म्हातारीची नाटकं नकोत मला. सगळं ऐकू गेलं. तो माइक बाद.

शुक्रवार
आजचा काळा, ठोकळ्यासारखा. ओठ टेकवून बोलायचं, वीतभर लांबचं त्याला कळत नाही. आजीचा घसा बसलेला, म्हणून मीच बोंबलले. ताटं आपटली, दारावर लाथा घातल्या. साहेब हसत आले. मावशी, काहीसुद्धा आलं नाही, हाच ठेवू, म्हणाले. मीही हसले.

रविवार
साहेबांनी गोळ्या बंद केल्या. आता ओरडली तरी चालतंय, मग उगाच कशाला, म्हणाले. आजी पहाटेपासून— जनावरही असं ओरडत नाही. मी तोंडावर सांगितलं, गोळ्या आणा, नाहीतर शेजारच्या नर्सबाईंना सांगते. बरं मावशी, म्हणाले. गोडच बोलले.

मंगळवार
आजीच्या खोलीत मलाही कोंडलंय, दार बाहेरून लावलंय. मोबाइल त्यांनी घेतला. खिडकीवर स्पंज ठोकलाय. पाणी तांब्याभर. आजी माझा हात सोडत नाही.

कुठला वार कोण जाणे
पलीकडे नर्सबाईंचा आवाज! साहेबांनी माइकवर बोलायला बोलावलंय. लाथा घातल्या, ओरडले. तिच्याही कानाला हेडफोन असणार— बोलतच राहिली. आईची सेवा, पुण्य, असलं काहीतरी. लोक ऐकत असतील. माझं कुणाला—

घसा गेला. शब्द फुटत नाही, नुसता घोगरा आवाज. आजी थंड पडलीय.

बोलणं संपलं. हेडफोन काढले वाटतं. नर्सबाईंनी ऐकलं! ऐकलं! विचारतेय, हे काय—
साहेब म्हणाले, आई आहे, हल्ली असंच चालतं.
ती म्हणाली, धन्य आहे तुमची.
चपला वाजल्या. फाटक.
कडी काढतायत. मावशी, म्हणतायत, आता जरा—