नळ्यांच्या थरथरीबाबत दादास

हिंगणघाट, बुधवार

तीर्थस्वरूप दादांच्या पायांवर धाकट्या रूपरावचे डोके. आईचे गुडघे व तुमचा खोकला कसा आहे ते कळवावे. (फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही, म्हणून पत्र.) इकडे सारे खुशाल. मी तर शर्टाची बटणे तुटतील इतका फुगलो आहे, आणि त्याला कारण तुमची पुतणी छाया.

दसऱ्याची यंत्रपूजा आटोपून आमची सरकीच्या तेलाची मिल सुरू झाली आणि कंडेन्सर, म्हणजे वाफेचे पाणी करणारे ते आडवे पिंप, खडखडू लागले. आत दीडशे नळ्या आहेत. मी वीस वर्षांपासूनचा फिटर. बोल्ट आवळले, खाली पोती कोंबली. हिरालाल शेठनी दुसऱ्यांदा नारळ फोडला (खोबरे बरे निघाले). चौथ्या दिवशी एक नळी फुटली, मिल बंद पडली आणि शेठ माझ्याकडे असे पाहू लागले की मी चपला घालूनच उभा राहिलो.

छाया सुट्टीवर आली होती. तिने मिल पुन्हा थोडी चालवायला लावून पेचकसाचे टोक पिंपाला टेकवले, मुठीला कान लावला (हे मीच शिकवले, ती पाच वर्षांची असताना!) आणि शेठना म्हणाली, "मधात आधारच नाई. वाफ न् पाणी संगच आडवं येऊन राह्यलं. नळ्या हलतात, एकमेकीले घासतात." नुसती वाफ वेगळी, नुसते पाणी वेगळे, दोन्ही मिसळून आले की नळ्या कशा थरथरतात, यावरच तिला नागपुरात तीन वर्षे संशोधन करायचे आहे. फुटकी नळी बुजवली, मधोमध लोखंडी पट्ट्या बसवल्या. पिंप गप्प! शेठनी सगळ्यांदेखत तिला 'मॅडम' म्हटले. माझे डोळे भरून आले, सांगायला लाज कसली?

वहिनींना नमस्कार.

तुमचाच,
रूपराव

ता. क. छायासाठी तुम्ही पाहिलेल्या अमरावतीच्या स्थळाला तीन वर्षे थांबायला सांगा. नाही थांबले तर राहू द्या. तुम्ही बोललात तरच आई मानेल. माझे कोण ऐकते?

आणखी ता. क. हे एकट्यानेच वाचा. पट्ट्या आधीपासून होत्या. पूजेला उघड्या पिंपातल्या नळ्या चकचकीत दिसाव्यात म्हणून घासताना मीच काढल्या; बिनकामाच्या वाटल्या. नळ्यांवरच्या खुणा पाहून छायाने ओळखले, पण शेठसमोर चकार शब्द काढला नाही. घरी येऊन चहा हातात देत एवढेच म्हणाली, "बाबा, मोठ्या बाबांले स्थळाचं आजच पत्र टाका. शेठले मी अजून काई सांगतलं नाई."