नदीकडची भिंत

नेपरव्हिल,
९ फेब्रुवारी २००४

चि. राधिकास अनेक आशीर्वाद.

ऑफिसच्या कामाने तू इंग्लंडला चाललीस असं तुझ्या बाबांकडून कळलं. फोनवर तुझे काका शेजारीच असतात, म्हणून हे पत्र.

घरात तुला कुणी सांगितलं नसेल. अनीशच्या आधी आम्हाला एक मुलगा झाला होता. काका तेव्हा इंग्लंडातच, हॅरोफर्ड नावाच्या खेड्यातल्या लहानशा हॉस्पिटलात डॉक्टर होते. बाळ महिन्याच्या आत गेलं. नाव विवेक ठेवलं होतं. त्याला तिथल्या चर्चच्या आवारात, नदीकडच्या भिंतीशी पुरलं. मग आम्ही अमेरिकेत आलो.

गाव चुकणार नाही. लोकरीच्या व्यापाऱ्यांनी बांधलेलं बुटक्या मनोऱ्याचं चर्च, एका वेळी एकच गाडी जाईल असा दगडी पूल, आणि पाणचक्की. पोळ्यांची कणीक मी तिथूनच आणायची. लोकरीचा धंदा उत्तरेकडच्या गिरण्यांनी नेला आणि गाव होतं तसंच राहिलं.

आमची शेजारीण मार्गारेट दर नाताळला कार्ड पाठवते. मागच्या वर्षी तिने लिहिलं, पुरात ती भिंत खचली, कबरी हलवणार आहेत. यंदा कार्डच नाही. काकांची बायपास झाल्यापासून त्यांना सांगायचा धीर होत नाही. तो विषय निघाला की ते टीव्हीचा आवाज वाढवतात.

जमलं तर बघून ये. रात्र रात्र डोळा लागत नाही.

तुझ्या मायेवर विसंबलेली,
वसुधाकाकू


सांता क्लारा,
१४ मार्च २००४

ती. काकूस सा. न.

रविवारी हॅरोफर्डला गेले. पुलावर ट्रॅक्टर पुढे जाईपर्यंत थांबावं लागलं. पाणचक्कीत आता चहाचं दुकान आहे. चर्चमागे गेले तर भिंत नवी आणि तिच्यालगत नुसतं सपाट गवत. एकही दगड नाही.

पाद्रीबाई भेटल्या. मी विवेकचं नाव घेताच त्यांनी विचारलं, तू अमेरिकेतल्या डॉक्टरांची मुलगी का? काकू, काका त्यांना पुराच्या बातमीपासून फोन करताहेत. बायको वरच्या मजल्यावर आहे म्हणून अगदी हळू बोलतात म्हणे.

विवेकला दगडासकट वर, टेकाडावरच्या लिंडनच्या झाडाखाली नेलंय. नाव नीट वाचता येतं. मार्गारेटची दृष्टी गेली आहे, ती वृद्धाश्रमात असते.

काकांशी बोल ना. आणि दोघं तब्येतीला जपा.

तुझी,
राधिका


नेपरव्हिल,
२१ मार्च २००४

चि. राधिकास अनेक आशीर्वाद.

चहाच्या वेळी तुझं पत्रच काकांपुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. मग मला म्हणाले, तुला पुराचं कळलं तर तुझं ब्लडप्रेशर वाढेल अशी भीती वाटत होती.

विवेकला पुरलं त्या दिवशी मी तापाने हॉस्पिटलात पडून होते. नेमकं काय झालं ते मी कधी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. काल सांगितलं. पूल ओलांडून पेटी त्यांनी स्वतःच उचलून नेली होती. पाऊस होता, म्हणून तिच्यावर आपला कोट घातला होता.

काकांचे डॉक्टर हो म्हणाले तर सप्टेंबरात हॅरोफर्डला जाऊ. आता धास्ती वेगळीच आहे. आधी अनीशला सांगायला हवं. आपण धाकटे आहोत हे त्याला अजून ठाऊक नाही.

आमच्यावर अशीच माया असू दे.

तुझी,
वसुधाकाकू