शहाळ्यातलं पोटॅशिअम

आचरा,
४ फेब्रुवारी

बाय किशोरी,

तुझ्या होस्टेलात फोन चालत नाही, तेव्हा पत्रच लिहायचं होतं. संक्रांतीपासून टाळतोय. पेन सापडत नव्हतं असं सांगणार होतो, पण तुला ते खरं वाटणार नाही. तब्येत सांभाळतेस ना?

मी घरी आहे, आणि चक्क टिकलोय. मध्ये देवगडला एका बोटीवर होतो. तिथे बर्फात मीठ टाकतात, म्हणजे तो आणखी गार होतो. तुझ्या रसायनच्या पुस्तकात आहे ना हे? बघ, भरकटलो.

तर पेपरची उजळणी. एक पातळ पडदा. अलीकडे रक्त, पलीकडे औषधी पाणी. रक्तात जास्त झालेलं पोटॅशिअम पडद्यातून पलीकडे जातं, बरोबर? मग त्याच संध्याकाळी माणूस शहाळं प्यायला तर? पोटॅशिअमचं चिन्ह 'के' का, ते मला अजून कळलेलं नाही. मी 'पी' लिहिलेलं, तो फॉस्फरस निघाला.

तू हुशार आहेस, एवढ्यात ओळखलं असशील. आईने तुझी परीक्षा संपेपर्यंतची शपथ घातलीय, "पेपर होयसर तिका कायेक कळता नये." पण दुसऱ्या कोणाला विचारू? बाबांच्या किडन्या गेल्या, बाय. एक दिवसाआड त्यांना कुडाळला डायलिसिसला नेतो. नर्स म्हणाली, शहाळं म्हणजे नुसतं पोटॅशिअम, हृदय बंद पडू शकतं. आणि आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला शहाळ्याशिवाय कोण येतो? शेजारची हौसाबाई म्हणते, "पाणीच तां, काय होतला?"

मी शहाळी लपवतो. बाबांना पाणीही मोजून द्यायचं असतं, ओठ पार सुकलेले. म्हणतात, "बापाशीक पाणी देवक तुका जड जाता?" पोटॅशिअमचं समजवायला गेलो तर, "गप रव रे, बारावी नापास डाक्टरा!"

तुझं ते ऐकतात. त्यांना पटेल असं चार ओळींत लिहून पाठव. मी वाचून दाखवीन.

थांब, दारापुढच्या खळ्यात कोणीतरी आलंय.

परशुराम काका! बाबांचे सख्खे भाऊ, पण जमिनीच्या वाटणीनंतर आपल्या खळ्यात कधी पाय न ठेवलेले. खांद्यावर शहाळ्यांचा घड. बाबांच्या शेजारी बसलेत. दोघेही रडतायत, आई पदर तोंडाला लावून उभी आहे. आता कोण कोणाला नको म्हणणार?

शहाळं सोलायला कोयता आण म्हणून बाबा मलाच हाक मारतायत, "सर्वेशा, कोयतो हाड."

पुढे काय करायचं ते न कळणारा,
तुझा दादा