गप बसायची जागा

आबा, आज सकाळी ह्यांना घेऊन तुमच्या डोंगरात जाऊन आले. तुम्ही गेल्यापासून मी तिकडे फिरकलेच नव्हते. चैत्र लागलाय. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरल्यात आणि कुसुमाच्या झाडाची पालवी इतकी लाल, की लांबून फुलंच वाटावीत.

तुम्ही फौजेतून पेन्शनीवर आलात आणि त्याच वर्षी आई गेली. मी दहा वर्षांची होते. तुम्ही म्हणजे माझ्या लेखी सुट्टीत येणारे पाहुणे. घरात आपण दोघंच, आणि एकमेकांशी बोलायला काहीच नाही. तुम्ही चुलीपुढं बसून भाकरी थापायचात, ती तव्यात टाकताना तुटायची, मग ते तुकडे तुम्ही तसेच जुळवून भाजायचात. मी मुकाट्यानं खायचे. आईसाठी मी रडलेच नव्हते. शेजारच्या काकू तुम्हाला सांगायच्या, "आवं, पोरीला रडू द्या एकदा. असं आत धरून बसनं बरं न्हाई." तुम्ही नुसतं हूं म्हणायचात. एका सकाळी मला उठवून म्हणालात, "चपला घाल. चल."

डोंगराच्या कुशीत, झऱ्यापाशी एका कातळावर तुम्ही मला बसवलंत. मी विचारलं, "हितं काय करायचं?"

"काय न्हाई. गप बसायचं आन् बघायचं."

मला कंटाळा आला. मी पाण्यात खडे टाकायला लागले, तेव्हा तुम्ही पहिल्यांदाच रागावलात. "त्यांचं पानी हाय ते. आपुन पावनं हाय हितं." कोणाचं, ते सांगितलं नाहीत. मग आपण रोजच जायला लागलो. हळूहळू मला ऐकू यायला लागलं. वर कुठंतरी तांबट पक्षी टुक टुक करत असायचा, वाळलेल्या पानांतून सरडा सरकायचा, जांभळीच्या मोहराला माश्यांचा गुंजारव असायचा.

आणि एक दिवस ते भेकर आलं. बरोबर एवढंसं पाडस. पाडस पाणी पितंय, आणि आई त्याच्या पाठीवरून जीभ फिरवतेय. मी बघत राहिले आणि मला एकदम हुंदका फुटला. मोठ्यानं. दोघंही जाळीत पळाली. मला वाटलं, आता तुम्ही ओरडणार. तुम्ही माझं डोकं छातीशी धरलंत आणि म्हणालात, "रड. ती येत्याल परत." त्या दिवसापासून तुम्ही मला पाहुणे वाटला नाहीत.

पुढं मी लग्न होऊन सांगलीला आले. ह्यांना तर तुम्ही ओळखताच. हळदीच्या सौद्यात ह्यांचा आवाज अख्ख्या पेठेत ऐकू जायचा. दिवाळीनंतर ह्यांना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. घरातली ती शांतता मला सोसेना, आबा. मी सकाळपासून बडबडत राहायचे, टीव्ही लावून ठेवायचे, ह्यांचं उत्तरही मीच द्यायचे. परवा ह्यांनी डावा हात उचलून कानावर ठेवला आणि डोळे मिटून घेतले. तेव्हा मला तुमची ती जागा आठवली.

काल साताऱ्यात मुक्काम करून आज सकाळी डोंगरापर्यंत रिक्षा केली. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, देऊळ वर हाय. काकांस्नी हितं कुठं उतरवताय?"

"देवळात न्हाई जायचं. झाडाखाली बसायचंय जरा."

तो भला माणूस, ह्यांना धरून झऱ्यापर्यंत घेऊन आला. झऱ्याला आता करंगळीएवढी धार आहे. मी एक अक्षर बोलले नाही. ह्यांचा चेहरा हळूहळू सैल पडत गेला. बऱ्याच वेळानं ह्यांनी माझ्या मनगटाला हात लावला आणि वर बोट केलं. फांदीवर शेकरू पालथं पडून, शेपूट खाली सोडून निवांत झोपलं होतं. ह्यांना हसू आलं. अर्ध्याच ओठांनी, पण आवाज न करता इतक्या मनापासून हसलेले हे मला कधीच दिसले नव्हते.

उद्या पुन्हा जाणार आहे. हे मी कुठं पाठवणार नाही, आणि पाठवायला जागा असती तरी पुढचं वाक्य खोडूनच पाठवलं असतं. तुमच्याच जागेवर इतका वेळ बसले, पण तेवढ्या वेळात मला तुमची आठवण एकदाही आली नाही.